मदत हवी आहे : आईची झोप आणि सिडकोतलं भजनी मंडळ

आई ७२ वर्षांची. वडील गेल्यावर औसा तालुक्यातल्या गावाहून तिला आमच्याकडं छत्रपती संभाजीनगरला, सिडको एन-७ला आणलं. तेव्हापासून रात्री दीड-दोनला उठून बसते ते उजाडेपर्यंत.

थायरॉईड, शुगर, बीपी सगळं तपासलं, ठीक आहे. दुपारनंतर चहा बंद केला, दुपारची झोपही कमी केली. झोपेची गोळी नको, या वयात तोल जाऊन पडायची भीती असते असं डॉक्टरही म्हणाले.

महालक्ष्म्यांना गावी नेलं तेव्हा मात्र गाढ झोपली! दिवसभर ओट्यावर बायका, संध्याकाळी देवळात हरिपाठ. मला तरी कारण तेच वाटतं. इथं आम्ही दोघं सहापर्यंत कामावर, घरात बोलायला कुणी नाही. ऐकू कमी येतं, त्यामुळं फोनवर तिचं मन रमत नाही. ज्येष्ठ नागरिक संघात नेलं, पण तिथं बहुतेक पुरुषच, ती बोललीच नाही. गावी एकटी ठेवता येत नाही. गुडघ्यांमुळं फार चालवत नाही, रिक्षात एकटी बसत नाही.

एन-७च्या आसपास दुपारी बसणारं बायकांचं भजनी मंडळ कुणाला माहीत आहे का? आणि तुमच्या घरी असं कुणी असेल, तर सोबत मिळाल्यावर झोप सुधारली का, किती दिवसांनी?