मदत हवी आहे: व्हिडिओ शिकायचंय, पोर्टफोलिओत नेमकं काय ठेवू?

नमस्कार मंडळी, मी नाशिकरोडची, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे व्हिडिओच शिकायचं हे पक्कं, पुण्याला एफटीआयआयमध्ये (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) एडिटिंग नाहीतर अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्था) फिल्म अँड व्हिडिओचं एमडेस, म्हणजे डिझाइनमधलं मास्टर्स. घरी आईला पटलंय, पप्पा म्हणतात आधी नोकरी बघ.

माझ्याकडे एक काम आहे. तांबट आळीत एका काकांचं तांब्याचा हंडा ठोकणं शूट केलं, साडेतीन मिनिटं, फक्त हात आणि हातोडी, बोलणं नाही, म्युझिक नाही. प्रत्येक ठोक्याला तांब्यावर एक गोल चमक उठते आणि आवाज हळूहळू बारीक होत जातो, ते मला कापवतच नाही. पहिल्या दिवशी ट्यूबलाइटमुळे सगळं फुटेज लुकलुकत होतं, मग कळलं की आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर शटर १/५० सेकंद ठेवायचं, परत जाऊन केलं, काकांनी चहा पण पाजला.

आता प्रश्न असा की मित्र म्हणतात एवढा लांब शॉट कोण बघणार, फास्ट कट मार, पण मला वाटतं हेच माझं खरं काम आहे. तुमच्यापैकी कोणी एफटीआयआय किंवा एनआयडीत शिकलंय का? असं गोष्ट नसलेलं काम ठेवावं की सोबत एखादी छोटी कथा पण करू? आणि लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, फोरके फुटेज अडकतं, प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी) करून काम चालेल ना की कोर्ससाठी नवीन घ्यावाच लागेल? फाळके आपल्याच त्र्यंबकचे, पण इथे विचारायला कोणी सापडत नाहीये, प्लीज सांगा.