स्मरणशक्तीच्या कॅप्सूलची ग्रुप ऑर्डर द्यायची का? सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ए ३०४ काका: नमस्कार मंडळी. कट्ट्यावर परवा विषय निघाला होता म्हणून इथे टाकतोय. स्मरणशक्तीच्या कॅप्सूल आहेत, ६० ची बाटली, एकट्याने घेतली तर ४९९ आणि २० बाटल्या एकदम घेतल्या तर २९९ ला पडते. ब्राह्मी, शंखपुष्पी, जिंकगो, बी ट्वेल्व्ह, बायोटिन सगळं एकातच. नावं आठवत नाहीत, वस्तू कुठे ठेवल्या ते आठवत नाही असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. ज्यांना हवी त्यांनी फ्लॅट नंबर टाका, रविवारी ऑर्डर देतो.

बी १०२ आजी: माझी १ लिहा

सी ७०१ दादा: आईबाबांसाठी २ काका

बी ५०३ वहिनी: मुलगी दहावीला आहे, वाचलेलं लक्षात राहत नाही म्हणते, तिला चालेल का हे?

ए ६०२ ताई: काका, प्लीज यादी थोडी थांबवाल का? तुम्ही सगळ्यांसाठी एवढी धडपड करताय त्याबद्दल खरंच बरं वाटतं, पण माझी नोकरीची सगळी वर्षं हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये औषधं देण्यात गेली म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाहीये. स्वस्त गोळीने स्मरणशक्ती सुधारते का, तर हो, सुधारू शकते, पण ज्याच्या शरीरात ती गोष्ट कमी पडलीय त्याचीच. आणि कमी पडलीय की नाही हे बाटली बघून कळत नाही, रक्त तपासून कळतं.

ए ६०२ ताई: आपल्याकडे सगळ्यात मोठा प्रश्न बी ट्वेल्व्हचा आहे. आपल्या पुण्यातच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती, २००६ मध्ये ते छापून आलं, त्यात साधारण दोन तृतीयांश लोकांचं बी ट्वेल्व्ह कमी निघालं. भाजीपाल्यात हे व्हिटामिन नसतंच, ते मांस, मासे, अंडी आणि दूधदुभत्यातून मिळतं. म्हणजे पूर्ण शाकाहारी माणूस दूध-दह्यावरच अवलंबून, आणि वय झालं की बरेच जण दूध बंद करतात, चहात घालतात तेवढंच. स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर बी ट्वेल्व्ह लिहिलेलं असतं, पण त्यातलं बरंचसं आपल्या शरीराला वापरता येत नाही.

ए ६०२ ताई: दुसरं म्हणजे गोळ्या. शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी ट्वेल्व्ह शोषलं जाणं कमी होतं. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या ॲसिडिटीच्या गोळ्या, पॅन्टोप्रॅझोल ओमिप्रॅझोल वगैरे, त्यांचंही तेच. आता आपल्या कट्ट्यावर बघा, शाकाहारी आहेत, शुगर आहे, ॲसिडिटीची गोळी कायमची चालू आहे, असे तिन्ही एकत्र किती जण निघतील.

बी १०२ आजी: मी तिन्हीत बसते गं. तळपायाला मुंग्या पण येतात

ए ६०२ ताई: आजी मग तुम्ही कॅप्सूल नका घेऊ, आधी बी ट्वेल्व्हची टेस्ट करा, खरंच करा. आमच्या सासूबाईंचं अस्संच होतं, पायाला मुंग्या, चालताना तोल जायचा, एकच गोष्ट परत परत विचारायच्या, आम्ही सगळे वयामुळे म्हणत राहिलो. लेव्हल फारच कमी आली, मग डॉक्टरांनी ती लाल इंजेक्शनं दिली आणि नंतर गोळ्या. काही महिन्यांत बोलण्यात पुन्हा हुशारी आली, आता भाजीवाल्याचा हिशोब त्याच करतात. मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत, कारण नसांना जितका उशीर होतो तितकं भरून येणं कठीण. म्हणून मला हे एवढं तळमळीने सांगावंसं वाटतं, कारण यात उपचार खूप स्वस्त आहे आणि वेळ गेली की तोच उपचार अपुरा पडतो.

सी ७०१ दादा: ताई पण मग कॅप्सूलमध्ये बी ट्वेल्व्ह आहेच ना, ती घेतली तर काय बिघडलं? टेस्टचे पैसे पण वाचतील

ए ६०२ ताई: काकांनी मला लेबलचा फोटो पाठवला, त्यात बी ट्वेल्व्ह १ मायक्रोग्रॅम आहे. रोजची गरजच साधारण २ मायक्रोग्रॅमची. ज्याची पोकळी पडलीय त्याला डॉक्टर १००० किंवा १५०० मायक्रोग्रॅमची गोळी देतात, कारण एवढ्या मोठ्या डोसमधला अगदी थोडा भाग, एक टक्क्याच्या आसपास, आतड्यातून आपोआप झिरपून आत जातो आणि शोषणाची यंत्रणा बिघडली असली तरी काम होतं. म्हणजे या १ मायक्रोग्रॅमने आजींना काहीच होणार नाही, आणि औषध चालू आहे असं वाटून टेस्ट राहून जाईल, मला भीती त्याची आहे. आणखी एक, त्यात फॉलिक ॲसिड आहे. नुसतं फॉलिक ॲसिड मिळत राहिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं पण बी ट्वेल्व्हअभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

सी ७०१ दादा: हे माहीतच नव्हतं. माझ्या २ काढा काका

डी २०१ काका: मी जरा वेगळं मत मांडतो. मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याने मला अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल पाठवलं होतं, त्यात रोज साधी मल्टिव्हिटामिनची गोळी घेतलेल्या ज्येष्ठांची स्मरणशक्ती सुधारली असं स्पष्ट आहे. तेव्हा सगळंच फोल आहे असं म्हणणं बरोबर नाही.

ए ६०२ ताई: काका तुम्ही बरोबर बोलताय आणि तो अभ्यास चांगला आहे, कॉसमॉस नावाचा. २०२३ मध्ये त्यातला जो भाग आला त्यात साठीच्या पुढचे साडेतीन हजारांवर लोक होते, अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी. २० शब्दांची यादी दाखवायची आणि किती आठवतात ते बघायचं. वर्षभराने खरी गोळी घेणारे पुढे होते, पण दोन्ही गटांतला फरक सरासरी एका पूर्ण शब्दाएवढाही नव्हता. फरक खरा आहे पण छोटा आहे. आणि त्याआधी तिथल्याच साधारण सहा हजार वयस्कर डॉक्टरांवर १२ वर्षं मल्टिव्हिटामिनचा अभ्यास झाला होता, २०१३ मध्ये आला, त्यात बुद्धीच्या चाचण्यांत काहीच फरक दिसला नव्हता. माझं मत विचाराल तर ज्यांचं जेवण कमी झालंय, दात नाहीत, एकटे राहतात आणि चहा-बिस्किटावर दिवस काढतात अशांनी डॉक्टरांना विचारून साधी मल्टिव्हिटामिन घ्यायला माझी हरकत नाही. चौरस जेवणाऱ्या माणसाने त्यातून फार अपेक्षा ठेवू नये.

डी २०१ काका: पटलं. आणि जिंकगो? त्याचं तर फार नाव आहे.

ए ६०२ ताई: जिंकगोचा तर सगळ्यात कसून अभ्यास झालाय. ७५ च्या पुढच्या ३००० हून जास्त लोकांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम देऊन सरासरी सहा वर्षं पाहिलं, २००८ मध्ये निष्कर्ष आला, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. उलट ज्यांची अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, त्यांनी जिंकगो डॉक्टरांना न विचारता घेऊच नये, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. सी विंगमधल्या निदान दोघांना तरी मी ओळखते ज्यांना हे लागू होतं, नावं इथे लिहीत नाही, वैयक्तिक मेसेज केलाय.

बी १०२ आजी: ब्राह्मीला तरी नावं ठेवू नकोस बाई, आमच्या माहेरी परसात होती, पानांचा रस देत असत

ए ६०२ ताई: नाही हो आजी, नावं कशी ठेवीन. ब्राह्मीवर आपल्या लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत बरीच वर्षं काम झालंय, आणि माणसांवरच्या छोट्या छोट्या चाचण्यांत १२ आठवडे, रोज साधारण ३०० मिलिग्रॅम अर्क घेतल्यावर ऐकलेलं नंतर आठवण्यात थोडी सुधारणा दिसलीसुद्धा. पण त्या चाचण्यांत लोक कमी होते आणि काहींचं पोट बिघडलं. या कॅप्सूलमध्ये ब्राह्मी किती आहे ते लिहिलेलंच नाही, पाच-सहा वनस्पती मिळून ‘मिश्रण २०० मिलिग्रॅम’ एवढंच. ब्राह्मी घ्यायचीच असेल तर आपल्या वैद्यांना दाखवून, चालू औषधं सांगून घ्या, ते प्रकृती बघून देतील.

ए ६०२ ताई: शंखपुष्पीबद्दल मात्र एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. ज्यांना फिट येते आणि फेनिटॉइन चालू आहे त्यांनी शंखपुष्पीचं सिरप सुरू केलं तर रक्तातलं फेनिटॉइन कमी होऊन फिट परत येऊ शकते. हे मुंबईच्या केईएममधल्याच डॉक्टरांनी पेशंटमध्ये पाहिलं आणि १९९२ मध्ये छापलं. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी असं धरून चालू नका एवढंच माझं म्हणणं.

बी ५०३ वहिनी: बापरे. ताई मग मुलीचं काय करू? बोर्डाचं वर्ष आहे हो, टेन्शन येतं

ए ६०२ ताई: वहिनी तिला ही कॅप्सूल अजिबात नको. तिचं हिमोग्लोबिन आणि जमलं तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघा. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये आपल्या देशात ५९ टक्के ॲनिमिक निघाल्या, एनएफएचएस-५ या सरकारी आरोग्य पाहणीचा आकडा आहे. लोह कमी असलं की दमायला होतं, लक्ष लागत नाही, आणि लक्षच लागलं नाही तर वाचलेलं राहील कसं. लोह कमी निघालं तर गोळी अगदी स्वस्त आहे, सरकारी शाळांत आठवड्याला जी निळी गोळी देतात ती लोह आणि फॉलिक ॲसिडचीच. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा-दुधाबरोबर नाही. आणि ती रात्री किती वाजता झोपते ते बघा हो, वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागतेच, पहाटे चारचा गजर लावून रात्री एकपर्यंत जागणाऱ्या मुलांना सिरप देऊन काय उपयोग.

बी ५०३ वहिनी: रात्री एक वाजताच झोपते. आज बोलते तिच्याशी. उद्या रक्त पण देऊन येतो

ए ३०४ काका: ताई, मला खरंच वाटलं होतं सगळ्यांचं भलं होईल. ऑर्डर रद्द करतो. पण मग विसरायला होतं त्याचं करायचं काय? कुठलं विसरणं वयाचं आणि कुठलं काळजीचं?

ए ६०२ ताई: काका तुमच्यामुळे हा विषय निघाला हे चांगलंच झालं. चश्मा कुठे ठेवला, शेजारच्यांच्या जावयाचं नाव काय, आणि मग थोड्या वेळाने आठवतं, हे वयानुसार होतं. पण रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, नेहमीचा स्वयंपाक करताना पुढची पायरी न सुचणं, पैसे दिले की नाही यावरून वारंवार घोळ, स्वभाव बदलणं, हे घरच्यांच्या लक्षात आलं तर न्यूरॉलॉजिस्टला किंवा वयस्करांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि दोन-चार दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला तर थांबूच नका. लघवीचं इन्फेक्शन, बीपीच्या काही गोळ्यांनी सोडियम कमी होणं, छोटा स्ट्रोक, किंवा आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये पडून डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, यातलं काहीही असू शकतं आणि यातलं बरंचसं वेळेत कळलं तर बरं होतं.

ए ६०२ ताई: डॉक्टरांकडे जाल तेव्हा बी ट्वेल्व्हबरोबर थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन, सोडियम याबद्दल विचारा. कान तपासा, नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात राहणार कुठून, आणि आपल्याकडे मशीन लावायची लाज वाटते म्हणून लोक वर्षं घालवतात. बीपी ताब्यात ठेवा, रोज चाला. झोपेच्या गोळ्या आणि झोप आणणाऱ्या सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या रोज चालू असतील तर त्याही सांगा, त्यांनी विसरभोळेपणा वाढतो. कितीतरी वेळा नवी गोळी सुरू करण्यापेक्षा जुनी एखादी बंद केल्याने माणूस ताजातवाना होतो. बंद मात्र स्वतःच्या मनाने करू नका, झोपेची गोळी एकदम सोडली की त्रास होतो.

सी ७०१ दादा: आई नर्व्हच्या गोळ्या म्हणून मेडिकलमधून आणून कायम घेते, त्यात बी ट्वेल्व्ह असतंच ना?

ए ६०२ ताई: असतं, पण बरोबर बी सिक्स पण असतं. बी सिक्स जास्त डोसमध्ये फार काळ घेतलं तर त्यानेच हातापायाला मुंग्या येतात, आणि माणूस मुंग्यांसाठी ती गोळी अजून घेत राहतो. स्ट्रिपचा फोटो पाठव, डोस बघून सांगते.

ए ३०४ काका: मग असं करू का, २० बाटल्यांऐवजी लॅबवाल्यांना सोसायटीत बोलवू, क्लब हाऊस रविवारी सकाळी मोकळं आहे, दर मी बोलून ठरवतो. कोण कोण येणार ते लिहा.

बी १०२ आजी: माझं नाव पहिलं

डी २०१ काका: आम्ही दोघं

ए ६०२ ताई: हे उत्तम झालं काका. फक्त त्याआधी कुणी बी ट्वेल्व्हची गोळी किंवा इंजेक्शन सुरू करू नका, नाहीतर लेव्हल वाढलेली दिसेल आणि खरं काय ते कळणार नाही. आधीपासून डॉक्टरांनीच दिली असेल तर बंद करू नका, फॉर्मवर तसं लिहा. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी आधीच सांगा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो, किती दिवस थांबायचं ते डोसवर आहे, मी लॅबला विचारून इथे टाकते. आणि प्रत्येकाने चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्ण, सिरप एका पिशवीत घालून आणा, मी सकाळभर तिथेच बसणार आहे, यादी करून देते म्हणजे रिपोर्टबरोबर तीच डॉक्टरांना दाखवता येईल.