नवा स्विच बसवूनही ब्रेकचे दिवे लागत नसतील तर

फ्यूज आणि बल्ब शाबूत आहेत, पेडलजवळचा स्विचही नवा बसवला, तरी मागचे दिवे लागत नाहीत असे आपण लिहिले आहे. अशा वेळी आणखी एखादा सुटा भाग विकत घेण्याआधी टेस्ट लॅम्प (वायरीत वीज आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) हाती घ्यावा, असे मी सुचवेन. बहुतेक गाड्यांत साध्या दोन पिनांच्या स्विचमध्ये एका पिनेवर चावी बंद असतानाही साधारण १२ व्होल्ट मिळायला हवेत, आणि दुसऱ्या पिनेवर ते पेडल दाबल्यावरच यायला हवेत. पहिल्या पिनेवरच काही नसेल, तर दोष फ्यूजपासून स्विचपर्यंतच्या वायरीत आहे.

पेडल दाबूनही दुसरी पिन कोरडीच राहिली, तर कनेक्टर काढून त्यातील दोन्ही वायरी एका जादा वायरीच्या तुकड्याने क्षणभर जोडाव्यात. दिवे लागले तर नवा स्विच सदोष आहे किंवा पेडल दाबल्यावर त्याचा दांडा पेडलपासून नीट मोकळा होत नाही. माझ्या अनुभवात बहुधा दुसरेच कारण निघते आणि लॉकनट (स्विच जागी घट्ट धरणारा नट) सैल करून स्विच एक-दोन आटे मागे घेतला की काम होते.

स्विचमधून वीज पुढे जात असूनही मागे अंधारच असेल, तर जुन्या पिकअपमधील एक खोच ध्यानात घ्यावी. ब्रेक आणि इंडिकेटर यांना मागे एकच फिलामेंट (बल्बमधील तापून उजळणारी तार) असेल, तर ब्रेकचा प्रवाह स्टिअरिंगखालच्या इंडिकेटर स्विचमधून जातो, आणि तिथले झिजलेले संपर्क ब्रेकच्या स्विचवर नाहक आळ आणतात. इंडिकेटरची दांडी हळूच हलवताना एखादा दिवा लुकलुकला, तर चोर तिथेच आहे.