ग्राफिक्स कार्डाच्या डब्यावरचे आकडे कसे वाचता? (अनुभव धागा)

दुकानदार "आठ जीबी आहे, सगळं पळतं" म्हणतो आणि गिऱ्हाईक तेवढ्यावर पैसे मोजतं. कार्ड घेताना आधी कोणती ओळ बघता, कशासाठी, आणि फसगत कुठे होते ते लिहा. किमती नकोत, त्या रोज बदलतात.

खटपट्या
जीबीच्या आधी मेमरी बस, म्हणजे मेमरी आणि चिप यांच्यातला रस्ता किती रुंद ते. बसचे बिट गुणिले मेमरीचा जीबीपीएसमधला (गिगाबिट प्रति सेकंद) वेग, भागिले ८, की आली बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो ते. आरटीएक्स ४०६० : १२८ × १७ ÷ ८ = २७२ जीबी प्रति सेकंद. आधीच्या पिढीतलं १२ जीबीचं ३०६० : १९२ × १५ ÷ ८ = ३६०. नव्याची कमी! ही कसर चिपवरच्या एल२ कॅशने (छोटी, वेगवान मेमरी) भरून काढलीय, ३ एमबीची २४ एमबी झाली. म्हणून १०८०पीला ४०६० पुढेच राहतं. पण ३०६० ची ८ जीबीवाली आवृत्तीही निघाली होती : बस १२८ बिट, बँडविड्थ २४०. नाव तेच, कार्ड दुसरंच.

कुडा कोअरचे (चिपमधल्या गणित करणाऱ्या छोट्या युनिटचे) आकडे दोन पिढ्यांत ताडून बघू नका. २०८० टीआयला ४३५२, ३०७० ला ५८८८, आणि दोघांचा वेग जवळपास सारखा.

सोल्डरगन
+१. जीटी १०३० तर याहून वाईट. मेमरी जीडीडीआर५ असेल तर ४८ जीबी प्रति सेकंद, डीडीआर४ असेल तर जेमतेम १७. डब्यावर 'जी' आहे का ते डोळे फाडून बघा.

बोर्डवाले काका
पीसीआयई लेनकडे, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटांकडे, कुणी बघतच नाही. आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आहेत. बोर्ड पीसीआयईच्या जुन्या जेन ३ पिढीचा असला की त्यांचाही वेग निम्मा. कार्डावरची ४ जीबी भरली की उरलेला डेटा रॅममधून याच चार लेनवरून ये-जा करतो, आणि गेम अडखळतो. वर त्यात व्हिडिओ एन्कोडरही नाही, म्हणजे स्ट्रीमिंगचा भार प्रोसेसरवर. जुन्या मशीनसाठी हे कार्ड मी सुचवणार नाही.

एसएमपीएस आधी
कार्डाला वीज किती मिळते ते बघा : बोर्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅट, एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५०. कार्डाला दोन ८ पिन लागत असतील तर दोन स्वतंत्र केबल लावा, एकाच केबलची दोन टोकं नकोत. मोलेक्सचा (जुना चार पिनांचा प्लग) जुगाड तर अजिबात नको. नवा १६ पिनवाला कनेक्टर पूर्ण आत गेलाय ना, टॉर्च मारून बघा. फट राहिली की पिन तापतात, प्लास्टिक वितळतं. केबल कनेक्टरपाशीच दुमडू नका.

जुना बाजार
सेकंडहँड घेताना पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) न्या. जुन्या जीटीएस ४५० वर बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून १०५० टीआय म्हणून विकतात. जीपीयू-झेड बहुतेकदा नावाआधी 'फेक' असं दाखवतं. तरी शेडर (म्हणजे वरचे कुडा कोअरच) मोजा : खऱ्या १०५० टीआयला ७६८, त्या चिपला १९२. मागे निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर तिथूनच परत फिरा, खऱ्या १०५० टीआयच्या पिढीच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नल निघतच नाही.

मांडीवरचा
लॅपटॉपवाल्यांनी वॅट विचारावेत. लॅपटॉपचं ४०६० कंपनी ३५ ते ११५ वॅटमध्ये कुठेही बसवू शकते. वॅट कमी तर वेग कमी, पण स्टिकर तोच.

बोर्डवाले काका
आणि हो, मॉनिटरची केबल कार्डाला लावा. बोर्डाच्या एचडीएमआयला लावून "कार्ड स्लो आहे" म्हणणारे कमी नाहीत.