फायबरग्लासच्या विमानात घरी केलेला डायपोल: शेपटीत की पंखात?

हडपसरकर:
आम्ही तिघे मित्र हडपसरच्या एका शेडमध्ये दोन आसनी विमान बांधत आहोत. पंख आणि शेपटी फोमवर फायबरग्लास चढवून केलेली आहेत. विमानतळाशी बोलायच्या रेडिओसाठी बाहेर उभा राहणारा तयार अँटेना महाग पडतो आणि हवेलाही अडतो, म्हणून तांब्याच्या चिकटपट्टीचा डायपोल (दोन सारख्या भुजांचा अँटेना) आतच बसवायचा विचार आहे. १२७ मेगाहर्ट्झ धरून हिशेब केला तर प्रत्येक भुजा सुमारे ५६ सेंटिमीटर येते. उभ्या शेपटीत तेवढी लांबी जेमतेम बसते, पंखात मात्र जागाच जागा आहे. पंखात आडवा बसवला तर चालेल का? शिवाय कोॲक्स केबल (मधे तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी असलेली) थेट जोडली तर भागेल का?

जुना हॅम, कोथरूड:
पंखात बसवू नका. विमानतळाच्या मनोऱ्यावरचे संभाषणाचे अँटेना उभ्या ध्रुवीकरणाचे असतात, म्हणजे त्यांच्या लहरींचे विद्युतक्षेत्र उभे असते. आडव्या डायपोलला परावर्तनामुळे थोडेफार ऐकू येईल, पण ऐन वेळी दगा बसेल. पंखातली जागा व्हीओआरच्या (दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओकेंद्रांच्या) अँटेनासाठी राखून ठेवा, कारण १०८ ते ११८ मेगाहर्ट्झमधले ते संकेत आडवेच असतात.

शेपटीत लांबी कमी पडली तर टोकाचे आठ-दहा सेंटिमीटर खुशाल वळवा. डायपोलमध्ये विद्युतप्रवाह मध्यभागी सर्वाधिक आणि टोकांशी जवळपास शून्य असतो, त्यामुळे टोक वळवल्याने फारसे बिघडत नाही. मधला भाग मात्र सरळच हवा. बारीक तार वापरू नका, कारण विमानांच्या संभाषणाचा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा पट्टा रुंद आहे आणि पट्टी जितकी रुंद तितका तो सहज सांभाळला जातो. रुंद पट्टीची योग्य लांबी हिशेबापेक्षा थोडी कमी निघते, तेव्हा आधी लांब ठेवून मग कातरावे. अमेरिकी अभियंते जिम वेअर यांनी रूढ केलेली ही पद्धत विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या आराखड्यांवरून बांधलेल्या विमानांत सर्रास वापरली गेली आहे. शेपटीत कार्बन फायबरचा एखादा थर असेल तर मात्र हा सगळा बेत सोडून द्या. त्यातून रेडिओलहरी पार होत नाहीत.

तापकीर गल्लीचा वारकरी:
कोॲक्सच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण लोक इथेच काटकसर करतात. केबल थेट जोडली की तिच्या जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरूनही प्रवाह वाहू लागतो आणि केबलच अँटेना होऊन बसते. मग बोलण्याचे बटण दाबले की इंजिनाच्या मापकांचे काटे नाचतात आणि हेडफोनमध्ये गुरगुर येते. तो प्रवाह अडवण्यासाठी जोडाला अगदी लागून केबलवर फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या तीन कड्या ओवाव्यात आणि केबल डायपोलला काटकोनात निदान अर्धा मीटर न्यावी. जुन्या टीव्हीतून काढलेल्या कड्या नकोत. त्या कोणत्या मिश्रणाच्या आहेत हे पाहून कळत नाही.

झाळकामात (सोल्डरिंगमध्ये) एक पथ्य पाळा. फोमवर चिकटवल्यावर झाळायला गेलात तर खालचा फोम वितळून खड्डा पडतो, म्हणून आधी टेबलावर झाळावे, गार झाल्यावर केबल हलकेच ओढून जोड तपासावा आणि मगच पट्टी चिकटवावी. पट्टीचे दोन तुकडे जोडायचे असतील तर तेही झाळा, नुसत्या गोंदावर विसंबू नका. वरून ग्लास चढवण्यापूर्वी मल्टिमीटर लावा: मधली तार आणि जाळी यांच्यात जोड दाखवला, तर कुठेतरी शॉर्ट आहे.

जुना हॅम, कोथरूड:
चाचणी नॅनो व्हीएनएवर (अँटेना मोजायच्या छोट्या यंत्रावर) करा. ग्लास चढल्यावर अनुनाद, म्हणजे अँटेना ज्या वारंवारतेला जुळतो ती, किंचित खाली सरकतो हे कातरताना लक्षात असू द्या. संपूर्ण पट्ट्यात एसडब्ल्यूआर (अँटेना आणि केबलची जुळणी सांगणारा आकडा) २ च्या आत राहिला तर ठीक, कारण तेव्हा सुमारे ११ टक्केच शक्ती परत येते. ३ झाला तर २५ टक्के. आणि कृपया ट्रान्समीटरचे बटण दाबून चाचणी करू नका. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना विमानांच्या पट्ट्यात चालत नाही, शिवाय लोहगाव हा हवाई दलाचाही तळ आहे.

हडपसरकर:
दोघांचेही आभार. शेपटीच आता निश्चित. रडरची (शेपटीच्या सुकाणूची) पोलादी केबल मात्र तिथूनच उभी जाते. ती डायपोलपासून किती दूर ठेवावी?

जुना हॅम, कोथरूड:
जमेल तितकी दूर, आणि डायपोलला समांतर तर नकोच. ती हलवता येत नसेल, तर रडरची केबल बसवलेली असतानाच व्हीएनएवर मोजा आणि मगच पट्टी कातरा.