जिम्नीला लिफ्ट किट बसवूनही पुढचे चाक घासते आहे, मदत हवी आहे

घाटमाथा
गेल्या रविवारी जिम्नीला गाडीची उंची 50 मिमीने वाढवणारे लिफ्ट किट बसवून घेतले. चारही स्प्रिंगा आणि शॉकअप नवे आहेत. तरीही स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढच्या उजव्या चाकाशी खर्रकन आवाज येतो, आणि मोठ्या खड्ड्यात तर चाक मडगार्डच्या आतील प्लास्टिकवर आपटते. ज्यांनी काम केले ते म्हणतात की हजारभर किलोमीटरांत स्प्रिंगा बसतील. पण त्या बसल्या तर गाडी खालीच येणार, मग घासणे कमी कसे होईल? शनिवारी पाचनईला निघायचे आहे. नेमका उपाय सांगावा.

पाना_नंबर_17
टायरचे माप लिहिलेले नाही. कंपनीचे 195/80 आर 15 असतील, तर उचललेल्या गाडीत ते घासण्याचे काही कारण नाही.

घाटमाथा
235/75 आर 15 आहेत. ते घासत होते म्हणूनच लिफ्ट करून घेतली. हे वेगळे सांगावे लागेल असे वाटले नाही.

लाल_माती
चाक बाहेर सरकवणारे 25 मिमीचे स्पेसर टाका आणि मोकळे व्हा. माझ्या गाडीला दोन वर्षे आहेत, काहीही त्रास नाही.

पाना_नंबर_17
टायर आतल्या बाजूला, ॲक्सलला चासीशी जोडणाऱ्या आर्मवर घासत असेल, तरच स्पेसरचा उपयोग होतो. यांचे चाक बाहेरच्या प्लास्टिकला लागते आहे. स्पेसरने ते आणखी बाहेर गेले, तर वळताना बंपरच्या कोपऱ्यालाही लागेल.

लाल_माती
तो कोपरा मी ग्राइंडरने वीस मिनिटांत कापला होता.

पाना_नंबर_17
म्हणजे काहीही त्रास नाही, फक्त बंपर कापावा लागला.

नियमावली
मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले आहे. विमा कंपनीला कळवले आहे का?

घाटमाथा
हा प्रश्न मी विचारलेला नाही. माझा प्रश्न चाक घासण्याचा आहे.

निवृत्त_अभियंता
मूळ टायरचा व्यास साधारण 693 मिमी भरतो आणि तुमच्या टायरचा 733 मिमी, म्हणजे चाक वरच्या बाजूला 20 मिमी वाढले आणि रुंदीतही 40 मिमीची भर पडली. लिफ्टमुळे गाडी उभी असताना जागा वाढलेली दिसते. परंतु खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबली की ॲक्सल बंप स्टॉपला (त्याला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत वर येतो, आणि बंप स्टॉप जुनेच असतील तर चाकही पूर्वी जिथवर येत होते तिथवरच येते. त्यामुळे नुसत्या लिफ्टने आपटणे थांबत नाही.

दुसरी गोष्ट पॅनहार्ड रॉडची, म्हणजे ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून त्याला चासीशी जोडणाऱ्या दांड्याची. गाडी उचलली की तो अधिक तिरपा होतो, आणि ज्या बाजूला तो चासीला जोडलेला असतो त्या बाजूला ॲक्सल सरकतो. दोन्ही मडगार्डांच्या कडेवरून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा आणि टायर दोऱ्यापासून किती अंतरावर आहे ते मोजा. स्टिअरिंग वळवून सोडल्यावर आपोआप मध्यावर येते का, हेही कळवा.

घाटमाथा
मोजले. उजवे चाक डाव्यापेक्षा 14 मिमी जास्त बाहेर आहे. स्टिअरिंग मध्यावर यायला खरोखरच आळस करते. ते नव्या किटमुळे असेल असे समजून सोडून दिले होते.

निवृत्त_अभियंता
म्हणजे ॲक्सल 7 मिमी सरकला आहे. लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड घालून तो मध्यावर आणा. स्टिअरिंगचा आळस हा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे कललेला कोन, कमी झाल्यामुळे आहे; त्यासाठी आर्मचे वेगळे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) मिळतात. बंप स्टॉपखाली किती जाडीचा तुकडा हवा ते अंदाजाने ठरवू नका. गाडी स्टँडवर घ्या, पुढच्या स्प्रिंगा काढा, जॅकने ॲक्सल एकेका बाजूने बंप स्टॉपला टेकवा, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि टायर कुठे लागतो ते खडूने खुणावून ठेवा. तुकडा इतका जाड हवा की शॉकअप पूर्ण मिटण्याआधीच ॲक्सल थांबला पाहिजे, नाहीतर शॉकअप फुटेल. नंतर चाके हवेत लोंबकळू द्या आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, तेही पाहून घ्या.

लाल_माती
एवढ्या खटाटोपापेक्षा ग्राइंडर स्वस्त पडतो.

घाटमाथा
शनिवारपर्यंत रॉड मिळणार नाही. मूळ टायर रिम्ससह गच्चीवर पडून आहेत. तूर्त तेच चढवतो, आणि परतल्यावर स्प्रिंगा काढून जॅकची तपासणी करून इथे मापे लिहितो.

नियमावली
गच्चीवर उन्हात ठेवले असतील, तर चढवण्यापूर्वी कडेला भेगा आहेत का ते पाहावे. टायरवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष.

घाटमाथा
3123 आहे. टायर ताडपत्रीखाली होते.