गटापैकी 60 आर घेतोय, खरेदीखतात चतुःसीमा नेमकी कशी लिहायची?

नवा_बांधकरी

गट नं. 212, सातबाऱ्यावर 1 हे. 42 आर. त्यातलं दक्षिणेकडचं 60 आर घ्यायचं ठरलंय. मसुदा हातात आलाय, त्यात चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी, अशी:

"पूर्वेस ओढा. दक्षिणेस गाडीवाट व आंब्याचे झाड. पश्चिमेस लगतदाराची जमीन. उत्तरेस लिहून देणार यांची उर्वरित जमीन."

उत्तरेची ओळ सोडली तर बाकी सगळं जुन्या दस्तातून उचललेलं आहे. आंबा केव्हाच तोडलाय, पश्चिमेच्या जमिनीचे भावाभावांत वाटे पडलेत. त्यात मोजणीत अख्खा गट 1 हे. 38 आरच भरला. मग चतुःसीमा कशी लिहू आणि क्षेत्र कोणतं धरू? जुन्या टिपणाची (पूर्वीच्या मोजणीच्या आराखड्याची) नक्कलही काढलीय, तिच्यात बाजूंवर 5-4, 3-11 असे आकडे आहेत. ते काय असतात?

साखळीवाला (निवृत्त भूकरमापक)

टिपणापासून सुरू करतो, कारण तिथे भलेभले फसतात. ते मीटर नाहीत, फूटही नाहीत. ती साखळी आणि आणे. शंकू साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. म्हणजे 5-4 हे 5 साखळ्या 4 आणे, 173.25 फूट, मीटरमध्ये 52.8. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो एक गुंठा, 1089 चौरस फूट. आणि गुंठा म्हणजे आर नव्हे. आर 100 चौरस मीटरचा, गुंठा त्याहून किंचित मोठा. तुमचे 60 आर म्हणजे 59.3 गुंठे होतात. तोंडी व्यवहार "साठ गुंठे" असा झाला असेल तर आत्ताच बोलून घ्या.

आता मसुदा. माझ्या मते ही चतुःसीमाच नाही, त्या दिवशी शेतात उभं राहिलेल्याला काय दिसलं त्याचं वर्णन आहे. पश्चिमेस नाव नको, आधी गट नंबर, मग हवं तर कब्जेदाराचं नाव. नाव वारसफेराने बदलतं. झाड तर लिहूच नका, निदान एकट्या झाडावर हद्द टांगू नका. "उत्तरेस उर्वरित जमीन" ही सगळ्यात वाईट ओळ. बाकी तीन बाजूंना निदान बांध आहे. उत्तरेची रेषा अजून जमिनीवर नाहीच, ती तुमच्या दस्ताने जन्माला येणार. ती कुठून कुठे जाते हे दस्ताने सांगितलं नाही तर कोण सांगणार?

पोटहिस्सा, म्हणजे गटातला तुमचा तुकडा, मोजून घ्या, चारही कोपऱ्यांवर दगड रोवा, त्यांना अ, ब, क, ड म्हणा आणि प्रत्येक बाजूची लांबी मीटरमध्ये लिहा. शिवाय एक कर्ण. हा कोणी लिहीत नाही. चार बाजू ठरल्या तरी चौकोन ठरत नाही. ढिल्या बाजेसारखा कलतो, बाजू त्याच राहतात आणि क्षेत्र कमी होतं. कर्ण दिला की दोन त्रिकोण झाले, मग हलायला जागा नाही.

मोबाईल_मोजणी

इतकं कशाला? फोनवरच्या अ‍ॅपने चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घ्या, दस्तात टाका, झालं.

साखळीवाला (निवृत्त भूकरमापक)

उघड्या रानात फोन सहज चार-पाच मीटर इकडे तिकडे दाखवतो. 100 मीटरच्या बांधावर 5 मीटर सरकलं की 5 आर गेले. खात्याच्या रोव्हरने (उपग्रहावर चालणाऱ्या अचूक मोजणी यंत्राने) घेतलेले निर्देशांक असतील तर जरूर लिहा. फोनचे शेत शोधायला ठीक, हद्द ठरवायला नाहीत.

दस्त_आणि_दावे

क्षेत्राबद्दल. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 21 ला मिळकत ओळखता येईल इतकं वर्णन हवं असतं: क्षेत्र, लगतचे रस्ते व मिळकती, कब्जेदार आणि शक्य तिथे सरकारी नकाशा किंवा सर्व्हेचा संदर्भ. मोजणीची 'क' प्रत (मोजणी खात्याने दिलेला हद्दींचा नकाशा) दस्ताला जोडा आणि मजकुरात तिचा उल्लेख करा. नुसती मागे टाचलेली उपयोगाची नाही.

आकडा आणि सीमा भांडल्या तर न्यायालयं साधारणपणे सीमांच्या बाजूने जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या 1961 च्या शेवध्यान सिंग खटल्यात प्लॉटचा नंबरच चुकीचा पडला होता, पण बाकीचं वर्णन जुळत होतं म्हणून ती केवळ लेखनातली चूक धरली. तेव्हा 60 आर हे मोजून आखलेले 60 लिहा. गटात 4 आर कमी भरले ती घट उर्वरित जमिनीत राहते हे विक्रेत्याला समजावून सांगा आणि दस्तात लिहून घ्या. नाहीतर उद्या तो म्हणेल, घट निम्मी निम्मी.

एक मात्र कोणी विचारलंच नाही. गाडीवाट दक्षिणेला. तुम्ही दक्षिणेचा तुकडा घेतलात की विक्रेत्याने उत्तरेच्या शेतात जायचं कुठून? आज हसून सांगेल, "बांधावरून जाऊ की." त्याचा मुलगा तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागायला अर्ज करेल. वाट द्यायचीच असेल तर कुठल्या बांधालगत आणि किती रुंद, हे चतुःसीमेच्या खालीच लिहा.

नवा_बांधकरी

वाटेचं खरंच डोक्यात नव्हतं. बोललो, पश्चिम बांधालगत 3 मीटर ठरली. पोटहिस्साही मोजून झाला. नवा मसुदा:

"गट नं. 212 पैकी दक्षिणेकडील 60 आर. दक्षिणेस गाडीवाट, अ ते ब 84.0 मी. पूर्वेस ओढा, ब ते क 72.0 मी. उत्तरेस याच गटाची उर्वरित जमीन, क ते ड सरळ रेषेत 80.0 मी. पश्चिमेस गट नं. 211, ड ते अ 74.5 मी. कर्ण अ ते क 108.7 मी. अ, ब, क, ड येथे दगड रोवले असून ते सोबतच्या 'क' प्रतीत दाखविले आहेत. पश्चिम हद्दीलगत आतल्या बाजूने 3 मी. रुंदीची वाट उर्वरित जमिनीसाठी राखून ठेवली आहे."

साखळीवाला (निवृत्त भूकरमापक)

आकडे कागदावर उतरवून पाहिले, 60 आर भरतं. हे वाचून कोणीही टेप धरू शकेल.

पूर्वेची ओळ तेवढी बदला. ओढा वळणं घेतो, तुमची ब-क रेषा सरळ आहे. दगड काठापासून आत असतील तर मधली पट्टी कोणाची? ओढ्याचं पात्र महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे सरकारचं, ते कोणाला विकता येत नाही. पण काठ आणि रेषा यांच्यामधली जमीन गटातलीच असेल तर ती ना तुमच्या 60 मध्ये, ना विक्रेत्याच्या ध्यानात. 'क' प्रतीवर गटाची पूर्व हद्द कुठे पडलीय ते बघा. ब आणि क त्या हद्दीवरच असतील तर "पूर्वेस गटाची हद्द व त्यापलीकडे ओढा" असं लिहा. आत असतील तर सही करण्याआधी मोजणीदाराला परत बोलवा, पावसाळ्यापूर्वी.